दर दहा मिनिटांनी एक बस

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी दिवाळीनंतर एक घर सोडलं. घर चांगलं होतं. पगार वेळेवर मिळायचा, माणसं समजूतदार होती. पण काम संध्याकाळचं, आणि तिथून निघेपर्यंत साडेसात व्हायचे. मावशी राहतात ते गाव २०२१ च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत आलं. त्याच निर्णयात एकूण २३ गावं आली, त्याआधी २०१७ मध्ये ११ आली होती. गावाला पालिकेची घरपट्टी लागू झाली, चौकात पालिकेची पाटी लागली. मावशींना घर गाठायला मात्र अजूनही तीन टप्पे लागतात : चौकापर्यंत पायी, चौकातून बस, फाट्यावर उतरून शेअर रिक्षा. ही रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही. सकाळी ती पाच मिनिटांत भरते. रात्री आठनंतर दोन बायका आणि एक भाजीची पाटी एवढ्यावर अर्धा-पाऊण तास जातो. फाट्यावर दिवा आहे, पण शेड नाही, बसायला बाक नाही.

"ताई, अंतर काही लांब नाही हो," मावशी म्हणाल्या. "उभं राहणंच लांब आहे."

त्या एका घराचे महिन्याचे पैसे गेले, ते या उभं राहण्यापायी. पुणे महानगराच्या वाहतुकीवर बोलायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. आपण लांबी मोजतो. उड्डाणपूल किती मीटरचा, मेट्रो किती किलोमीटरची, बाहेरचा रिंगरोड सुमारे १७० किलोमीटरचा. माणूस थांब्यावर किती वेळ उभा राहतो हे कुणी मोजत नाही. या प्रदेशातल्या मुख्य रस्त्यांवर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत दर दहा मिनिटांनी बस मिळालीच पाहिजे, आणि बाकीची सगळी साधनं या बसभोवती बसवली पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. आपण नेमकं उलटं करत आलो. आधी मोठं काम, मग उरलं तर बस.

पुणे आता एक शहर राहिलेलं नाही. २०१५ मध्ये पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झाली तेव्हा तिच्या हद्दीत सुमारे सात हजार चौरस किलोमीटरचा मुलूख आला. त्यात दोन महापालिका आहेत, कॅन्टोन्मेंट आहेत, नगरपरिषदा आहेत आणि शेकडो गावं आहेत. चाकण, तळेगाव, रांजणगावला कारखाने आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात आयटी आहे. वाघोली, मांजरी, धायरी, किरकटवाडी, सूस, मारुंजी इथे घरं उभी राहिली, कारण तिथे ती परवडली. माझ्या लहानपणी "गावात जाऊन येते" म्हणजे मंडई, लक्ष्मी रोड, फार तर कॅम्प. आज धायरीची मुलगी खराडीला कामाला जाते, हडपसरचा मुलगा हिंजवडीला, आणि चाकणच्या कारखान्यातला कामगार भोसरीत नाहीतर आळंदीत खोली करून राहतो. प्रवास मध्यावरून कडेला आणि कडेवरून कडेला असा चहूबाजूंनी चालतो. अशा प्रवासाला दोन-तीन रेषांची व्यवस्था पुरत नाही, जाळं लागतं. आणि जाळं विणण्याचं काम रस्त्यावरून चालणारी बसच करू शकते. तिचा मार्ग आठवड्यात बदलता येतो, तिची फेरी उद्यापासून वाढवता येते.

हे जाळं नव्हतं म्हणून लोकांनी आपापली सोय केली. २०१८ मध्ये पुण्याच्या आरटीओतल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली. तेव्हा शहराची लोकसंख्या ३५ लाखांच्या घरात धरली जात होती. सायकलींचं शहर म्हणून ज्याचा लौकिक होता, तिथे माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. यात लोकांचा दोष मला दिसत नाही. मुलाला शाळेत सोडून, सासऱ्यांचं औषध घेऊन, साडेनऊला कामावर पोहोचायचं तर स्कूटर लागते. कर्ज काढून लोकांनी दुचाकी घेतली, ती मिरवायला नव्हे.

पुणेकर आपली दुचाकी सोडणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी एक हिशेब मांडून पाहावा. घर ते काम सोळा किलोमीटर धरा, जाऊन-येऊन बत्तीस. पेट्रोल लिटरला शंभरच्या पुढे आहे आणि साधी मोटरसायकल लिटरला ४५-५० किलोमीटर देते, म्हणजे दिवसाचा खर्च सत्तरच्या आसपास. आता बसचं पाहा. १ जून २०२५ पासून पीएमपीएमएलचं, म्हणजे दोन्ही महापालिकांच्या बससेवेचं, किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं आणि महापालिका हद्दीतला ४० रुपयांचा रोजचा पास ७० चा झाला. म्हणजे एकट्याला दुचाकी आणि बस सारखीच पडते. नवरा-बायको दोघं एका गाडीवर निघाले तर गाडीचा खर्च सत्तरच राहतो, बसचा एकशेचाळीस होतो. वर थांब्यावर उभं राहायचं, गर्दीत लटकायचं, शेवटचा टप्पा पायी जायचं. या हिशेबात दुचाकी निवडणारा माणूस शहाणाच आहे. त्याला उपदेश करून काही होणार नाही, हिशेब बदलावा लागेल.

हिशेब बदलला की लोक बदलतात, हे आपण शेजारीच पाहिलं आहे. मुंबईत बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ केलं आणि बसचे प्रवासी झपाट्याने वाढले. पुढे तिथल्या बसगाड्यांची संख्या रोडावत गेली आणि थांब्यांवरची गर्दी वाढत गेली, ती गोष्ट वेगळी आणि तिचाही धडा घेण्यासारखा आहे. स्वस्त भाडं लोकांना बसकडे आणतं. टिकवायला मात्र बस यावी लागते. पुण्याच्या पेठांमध्येही २०२१ पासून दहा रुपयांत दिवसभर फिरवणाऱ्या 'पुण्यदशम'च्या छोट्या बस निघाल्या. अरुंद रस्त्यांतून वळणाऱ्या त्या गाड्यांत म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन निवांत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्या आजी रिक्षाच्या मीटरकडे बघत अस्वस्थ व्हायच्या, त्या दहाची नोट देऊन मंडई, दवाखाना आणि बँक उरकून येत.

आता रस्त्याचा हिशेब. बारा मीटरची बस अडीच मीटर रुंद असते, म्हणजे तीस चौरस मीटर जागा घेते आणि पन्नास माणसं सहज नेते. तीच पन्नास माणसं मोटारींतून निघाली, प्रत्येक मोटारीत दोघं धरली, तर पंचवीस मोटारी होतात. पुढच्या-मागच्या मोटारीत दोन मीटरचं अंतर धरलं तर ही रांग दीडशे मीटर जाते. कर्वे रस्त्यावर नळस्टॉपच्या सिग्नलला उभं राहून दीडशे मीटर मागे पाहा, म्हणजे एका बसच्या जागी काय उभं आहे ते डोळ्यांना दिसेल. रुंदीकरण करून, पूल बांधून ही रांग संपत नाही, फक्त पुढच्या चौकात जाऊन उभी राहते. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आपणच बांधला आणि दीड दशकाच्या आत-बाहेर, जुलै २०२० मध्ये, आपणच पाडला, कारण मेट्रोला आणि नव्या दुमजली पुलाला तो आड येत होता. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला. तो पाहायला लोक रात्र जागले. नव्या रचनेने महामार्गाची कोंडी कमी झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण भुसारी कॉलनीतून किंवा बावधनहून त्या चौकात पायी येणाऱ्याने बस पकडायची तर कुठून कुठे जायचं, हा प्रश्न पूल आखताना पहिल्या पानावर असायला हवा होता.

मेट्रोबद्दल मला मनापासून आनंद आहे. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे आणि पिंपरी-चिंचवड पालिका ते फुगेवाडी असे दोन तुकडे सुरू झाले तेव्हा लोक नातवंडांना घेऊन नुसतं बसायला गेले होते. पुढे गाडी रुबी हॉलपर्यंत, मग रामवाडीपर्यंत गेली, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारातून स्वारगेटला पोहोचली. मंडईतून सिव्हिल कोर्टाला पाच मिनिटांत जाता येणं ही पेठेत वाढलेल्या माणसाला अजून नवलाची गोष्ट वाटते. सिव्हिल कोर्टाच्या स्थानकात सरकत्या जिन्यावरून खाली उतरताना, सुमारे तेहतीस मीटर खोल, पायाखाली एवढं मोठं काम आपल्या माणसांनी केलं याचा अभिमान वाटतो. शिवाजीनगर ते हिंजवडी ही २३ किलोमीटरची तिसरी मार्गिकाही पीएमआरडीएने हाती घेतली. हे सगळं हवंच होतं.

पण मेट्रोने काय होईल आणि काय होणार नाही, हे स्पष्ट बोलायला हवं. पहिल्या दोन मार्गिकांची लांबी साधारण ३३ किलोमीटर आहे. या महानगरातल्या बहुसंख्य लोकांच्या घरापासून मेट्रोचं स्थानक चालत जाण्याच्या टप्प्यात नाही आणि पुढची वीस वर्षंही नसेल. आजही बस रोज दहा लाखांच्या आसपास प्रवासी वाहते. मेट्रोचा आकडा त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. मेट्रोला स्वतःचे प्रवासी मिळवायचे असतील तरी तिला बसच लागते. स्थानकातून बाहेर पडल्यावर समोर बस उभी नसेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी स्कूटर काढतो. स्थानकाखाली पार्किंग द्या, अशी मागणी जोर धरते आहे. मला ती चुकीची वाटते. दोनशे दुचाकी मावतील एवढ्या जागेत चार बस उभ्या राहतील असा थांबा केला तर त्याच स्थानकाला तासाला हजार माणसं मिळतील.

बसला मान देण्याचा प्रयत्न पुण्याने सगळ्या देशाच्या आधी केला होता, हे आता आपण विसरत चाललो आहोत. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, सुरू झाली. अहमदाबादची जनमार्ग त्यानंतर तीन वर्षांनी आली. आपली पहिली बीआरटी घाईत झाली, थांबे अर्धवट होते, रस्ता ओलांडायची सोय धड नव्हती, मार्गिकेत खासगी गाड्या घुसायच्या. अपघात झाले, लोक संतापले, आणि तो संताप रास्त होता. मग २०१५ मध्ये 'रेनबो' बीआरटी आली ती या चुकांमधून शिकून. संगमवाडी–विश्रांतवाडी आणि औंध–रावेत हे पहिले मार्ग. औंध–रावेत मार्गावरचा थांबा नीट पाहिला तर त्यामागचा विचार दिसतो. थांबा रस्त्याच्या मधोमध, फलाट बसच्या तळाच्या पातळीला, बसला दरवाजे उजव्या बाजूला. चालकाने बस फलाटाला चिकटवून लावली की गुडघे धरलेला माणूस पायरी न चढता सरळ आत पाऊल टाकतो. बस हातभर लांब उभी राहिली की तोच माणूस मधल्या फटीकडे पाहून थबकतो, दांडी शोधतो, मागचे लोक खोळंबतात. व्यवस्था चांगली की वाईट ते त्या हातभर अंतरावर ठरतं. चालकांना त्याचं शिक्षण द्यावं लागतं, फलाटाच्या कडेचं रबर झिजलं तर बदलावं लागतं, मार्गिकेच्या तोंडाशी वॉर्डन उभा करावा लागतो. कामं छोटीच, पण रोजची.

नगर रस्त्यावर २०२३ पासून आपण ही मार्गिका काढून टाकली. रस्ता मोकळा होईल, असं सांगितलं गेलं. मार्गिकेत त्रुटी होत्या, चौकांची रचना चुकली होती, हे मला मान्य आहे. पण नळ गळतो म्हणून कुणी नळजोड कापून टाकत नाही. संध्याकाळी सातला विमाननगरच्या चौकात उभं राहिलं की मिळवलेली जागा कुणाला मिळाली ते दिसतं. ती मोटारींनी भरली आणि बस त्या मोटारींच्या मागे अडकली. पन्नास माणसांना एका माणसाच्या मागे रांगेत उभं केलं.

मार्गिका म्हणजे न विकत घेता मिळालेल्या बस, हे कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून इथे थोडं आकडेमोडीत शिरते. पंधरा किलोमीटरचा एक मार्ग घ्या. गर्दीत बसला एका बाजूने तास लागतो. जाऊन-येऊन दोन तास आणि दोन्ही टोकांना मिळून दहा मिनिटं विश्रांती, म्हणजे एका बसची पूर्ण फेरी १३० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस सोडायची तर या मार्गावर तेरा बस लागतील. आता त्याच मार्गावर स्वतंत्र मार्गिका द्या आणि तासाचे पाऊण तास करा. पूर्ण फेरी शंभर मिनिटांवर येते आणि दहा बसमध्ये तेच वेळापत्रक चालतं. तीन बस वाचल्या, त्यांचे चालक-वाहक वाचले, इंधन वाचलं. त्याच तीन बस मावशींच्या फाट्यावरून आत गावात फिरवता येतील. रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मोटारी हटवल्या की मार्गिकेला जागा मिळते, आणि तिथेच गाडं अडतं. २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं, आधी पाच रस्त्यांवर करून पाहायचं ठरलं, आणि विरोध झाल्यावर ते पडून राहिलं. रस्ता सगळ्यांचा आहे. त्यावर दिवसभर फुकट मोटार लावून ठेवण्याचा हक्क कुणालाच नसावा, हे बोलायला आपण कचरतो.

बस किती हव्यात याचाही अंदाज आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या सेवामानकात हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे साठ, ही चांगली पातळी मानली आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या नागरी समूहाची लोकसंख्या ५० लाखांच्या वर होती. त्या जुन्या आकड्याला सुद्धा तीन हजार बस लागतात. पीएमपीएमएलचा ताफा दोन हजारांच्या आसपास घोटाळतो आहे, आणि त्यातल्या सगळ्या रोज रस्त्यावर येत नाहीत. देशभराच्या बससेवांना मार्गदर्शन करणारी सीआयआरटी ही संस्था १९६७ पासून आपल्या भोसरीत आहे. ज्ञानासाठी आपल्याला कुठे लांब जायला नको.

मग पैसा. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल झाली. तिची संचलन तूट दोन्ही महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी 'पीएमपीचा तोटा' असे मथळे येतात. मला हा शब्दच बोचतो. मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिकांना डिसेंबर २०१६ मध्ये ११,४२० कोटींची मंजुरी मिळाली तेव्हा तो खर्च गुंतवणूक म्हणून मोजला गेला, आणि ते बरोबरच होतं. उड्डाणपुलावरून कुणी तिकीट काढून जात नाही, तरी पुलाचा तोटा असा मथळा आपण कधी वाचला नाही. रस्त्यावरचे दिवे, बागा, पाणी यांचा खर्च आपण करतोच. रोज दहा लाख लोकांना कामावर, शाळेत, दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सेवेचा खर्च मात्र तोटा ठरतो, आणि मग तो भरून काढायला पास महागतो. बसवर टाकलेला पैसा कुणाकडे जातो ते पाहायचं असेल तर सकाळी सहाच्या पहिल्या बसमध्ये चढावं. सफाईला निघालेल्या बायका, वॉचमन, फुलांच्या टोपल्या घेऊन मंडईला निघालेली माणसं, नर्सिंगची मुलं. या शहराचा दिवस ही माणसं सुरू करतात.

रेल्वेचा विषय वेगळा आणि तितकाच दुखरा. पुणे–लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर ही तिची स्थानकं पाहा. महानगराचा अर्धा पट्टा या रुळांवर ओवलेला आहे. दुसऱ्या बाजूला हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी करत रूळ दौंडला जातात, आणि २०१७ पासून त्या मार्गावर वीजही आहे. तळेगाव ते उरुळी दर वीस मिनिटांनी लोकल सोडली तर केवढं ओझं रस्त्यावरून उतरेल! रुळांची क्षमता कमी आहे, लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत, हे खरं. पण तिसऱ्या-चौथ्या रुळाची मागणी आपण रिंगरोडइतक्या जोराने कधी लावून धरली नाही.

रिक्षावाल्यांना या चर्चेत खलनायक करू नये, असंही मला सांगायचं आहे. मावशींच्या फाट्यावरची शेअर रिक्षा नसती तर त्यांची आणखी दोन घरं सुटली असती. जिथे बस जात नाही तिथे हीच माणसं वर्षानुवर्षं सेवा देत आली. त्यांना फाट्यावर हक्काचा थांबा द्यावा, भाडं ठरवून द्यावं, मार्ग ठरवून द्यावा आणि बसच्या वेळेशी त्यांची वेळ जुळवावी. चाकणच्या कारखान्यांतल्या पाळ्या सुटतात तेव्हा आणि हिंजवडीत रात्री हे विशेष करून हवं.

हे जुळवायचं कुणी, हा खरा गाठीचा प्रश्न आहे. हिंजवडीचंच घ्या. आतले रस्ते एमआयडीसीचे, गाव ग्रामपंचायतीचं, वाकडची बाजू पिंपरी-चिंचवड पालिकेची, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, मेट्रो पीएमआरडीएची, बस पीएमपीएमएलची. पाऊस पडून चौकात पाणी साचलं की प्रत्येकाची हद्द एकेका फुटावर संपते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने महानगराला एकच वाहतूक प्राधिकरण असावं असं सांगितलं, २०१७ च्या मेट्रो धोरणाने ते बंधनकारकच केलं. पुण्याच्या नावाने असं प्राधिकरण झालंही. पण त्याच्या हातात पैसा आणि अंतिम शब्द नसेल तर ती बैठकांची जागा होऊन बसते. बससेवेच्या प्रमुखपदी येणारे अधिकारीही टिकत नाहीत. २०१७ पासून आलेल्यांपैकी बहुतेकांना दोन वर्षं पुरी मिळाली नाहीत. मार्ग समजून घ्यायला सहा महिने, आगारं पाहायला सहा महिने, आणि काही बदलायला घेतलं की बदली. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती ३६ किलोमीटरचा उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग आखला होता. तो अजून कागदावर आहे. त्याला उशीर झाला, कारण त्याची जबाबदारी कधी एका माणसावर आली नाही.

म्हणून मी छोटं मागणं मागते आहे. नवा आराखडा नको, नवं नाव नको. वीस मार्ग निवडा. त्यांत कात्रज–हिंजवडी असावा, हडपसर–भोसरी असावा, वाघोली–वारजे असावा, आणि २०२१ मध्ये आलेल्या गावांपैकी चार-पाच असावीत. वर मांडलेल्या हिशेबाने मार्गाला तेरा बस धरल्या तर वीस मार्गांना २६० बस लागतील, आजच्या ताफ्याच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढ्या. त्या तेवढ्या मार्गांवर सकाळी सहा ते रात्री अकरा दर दहा मिनिटांनी बस आलीच पाहिजे. बंद पडली तर आगारात राखीव बस तयार पाहिजे. थांब्यावर छप्पर, बाक, दिवा आणि तिथपर्यंत पोहोचायला पदपथ पाहिजे. महिलांना महिन्याच्या ८ तारखेला खास महिलांसाठीच्या तेजस्विनी बसमध्ये मोफत प्रवास मिळतो, ते चांगलंच आहे. पण महिन्याच्या तीसही रात्री थांब्यावर दिवा असणं त्याहून मोठी सोय आहे. दर महिन्याला प्रत्येक मार्गावर किती फेऱ्या ठरल्या होत्या आणि किती झाल्या, हे थांब्यावरच लावा, प्रवाशांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. वर्षभर हे करून पाहा आणि मग सांगा की पुणेकर बसमध्ये बसत नाही.

परवा मावशींना विचारलं, "तुमच्या फाट्यावरून दहा-दहा मिनिटांनी बस सुटायला लागली तर ते घर पुन्हा धराल का?"

पोळी तव्यावरून उतरवत त्यांनी जरा विचार केला. "रात्रीची पण?" त्यांनी विचारलं.

"रात्रीची पण."

"मग साडेसातला काय, आठला निघाले तरी चालेल," त्या म्हणाल्या आणि पुढची पोळी लाटायला घेतली.